जुन्या होबी १६ वर उंच डोलकाठी आणि मोठं शीड लावावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सेकंडहँड होबी १६ (दोन हलांची, म्हणजे दोन अरुंद होड्या जोडून केलेली शिडाची बोट) घेतली आहे, तुम्हा दोघांचं मिळून वजन १५० किलो, मुंबई बंदरात दुपारच्या वाऱ्यात हँडिकॅपच्या (वेगवेगळ्या बोटींचा वेळ त्यांच्या रेटिंगने जुळवून घेणाऱ्या) शर्यतींना उतरता आणि मागे पडता. म्हणून डोलकाठी दोन फुटांनी वाढवायची, चौकोनी डोक्याचं मोठं मेनसेल (मुख्य शीड) शिवून घ्यायचं आणि पुढे स्पिनेकर (वाऱ्याखाली जाताना लावायचं मोठं फुगीर शीड) लावायचा, असे तीन बेत आहेत. यातलं आधी काय करावं?

डोलकाठीचा नाद सोडा. चौकोनी मेनसेलचे पैसे निदान एक मोसम तरी खिशात ठेवा. स्पिनेकर लावा, पण सगळ्यात शेवटी. आणि पहिल्यांदा हात घाला तो श्राउडच्या (डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारांच्या) भोकांना आणि डाउनहॉलला (मेनसेल खाली ओढून ताणायच्या दोरीला). त्याला खर्च जवळजवळ नाही, आणि तुमची खरी गळती तिथेच असण्याची शक्यता जास्त आहे.

असं का म्हणतो, त्याचं गणित वहीच्या मागच्या पानावर मावतं. होबी १६ चं वजन १४५ किलो, रुंदी २.४१ मीटर. वाऱ्याकडचा हल पाण्यातून उचलला की सगळा तोल वाऱ्याखालच्या हलवर येतो. बोटीचं वजन त्या हलपासून साधारण १.१ मीटरवर काम करतं, म्हणजे १६० (किलो गुणिले मीटर असं धरा). तुम्ही दोघं ट्रॅपीझवर (डोलकाठीवरून येणारी तार, जिला अडकून माणूस बोटीबाहेर लटकतो) पूर्ण बाहेर असाल, तर तुमचं वजन त्याच हलपासून ३.२ मीटरच्या आसपास पडतं. १५० गुणिले ३.२ म्हणजे ४८०. एकूण ६४०. बोट आडवी होण्यापासून वाचवायला तुमच्याकडे एवढीच पुंजी आहे.

आता शिडावरचा जोर जिथे एकवटतो तो बिंदू पाण्यापासून ढोबळमानाने ४ मीटर उंच धरा. ६४० ला ४ ने भागलं की १६० किलो. वाऱ्याचा याहून जास्त आडवा जोर तुमची बोट पेलूच शकत नाही, शीड कितीही मोठं असलं तरी. डोलकाठी वाढवून तो बिंदू ४.४ मीटरवर नेलात तर पेलायची ताकद १४५ किलोंवर येते. म्हणजे पैसे खर्च करून १५ किलो जोर गमावला. शिवाय वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १२ नॉटला तुम्ही दोघं ट्रॅपीझवर पूर्ण ताणलेले असाल, तर १५ नॉटला जोर दीडपटीहून अधिक होतो. तेव्हा जास्तीचं शीड नुसतं फडफडवत न्यावं लागतं, आणि फडफडणारं शीड म्हणजे ब्रेक.

सकाळच्या पडेल वाऱ्यात, ६-७ नॉटमध्ये, मोठ्या शिडाचा फायदा होतो हे खरं. पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की शर्यती दुपारी असतात, आणि वायव्येचा वारा चढला की तुम्ही मागे पडता. म्हणजे तुम्हाला शीड कमी पडत नाहीये, आहे तेच आवरत नाहीये.

मोठ्या लोकांनी हे कसं केलं ते पाहण्यासारखं आहे. टॉर्नेडो ही १९६७ ची बोट, रॉडनी मार्चने आखलेली, २० फूट लांब आणि १० फूट रुंद. १९७६ पासून २००८ पर्यंत ती ऑलिंपिकमध्ये होती. सिडनी ऑलिंपिकनंतर (२०००) या बोटीच्या संघटनेने तिची शिडं बदलली: मेनसेल मोठं केलं, स्पिनेकर दिला. पण त्याच फेरबदलात दुसरा ट्रॅपीझही दिला. आधी एकच माणूस बाहेर लटकायचा, आता दोघं लटकू लागले. आधी तोल वाढवायची सोय, मग शीड. तुमच्या होबीवर दोन ट्रॅपीझ आधीपासूनच आहेत, म्हणजे तो हुकमाचा पत्ता तुम्ही खेळून बसला आहात.

त्याच टॉर्नेडोची दुसरी गोष्ट चिंगदाओची, २००८ ची. तिथे वारा पडेल असतो म्हणून अमेरिकेचे जॉनी लव्हेल आणि चार्ली ओगल्ट्री वाऱ्यावर चढतानाही चालेल असा सपाट स्पिनेकर घेऊन आले. ही जोडी आधीच्या अथेन्स ऑलिंपिकमधली रौप्यविजेती, म्हणजे नवखी मुळीच नव्हे. वारा अपेक्षेपेक्षा जास्त निघाला आणि ते क्रमवारीत तळाला गेले. सुवर्ण स्पेनला गेलं. एका विशिष्ट वाऱ्यासाठी शिडं बदलली की दुसऱ्या वाऱ्यात किंमत मोजावी लागते. ते जाणूनबुजून जुगार खेळले होते. क्लबच्या शर्यतीत वर्षभर तोच जुगार कशाला?

ए-क्लासवाल्यांचं (एकट्याने चालवायच्या, दोन हलांच्या शर्यतीच्या बोटी) तर मला फार कौतुक वाटतं. त्यांच्या नियमात शिडाचं क्षेत्रफळ डोलकाठी धरून १३.९४ चौरस मीटर, त्याच्या वर एक तसूही नाही. मग त्यांनी काय केलं? शिडाचा तळ पार ट्रॅम्पोलिनला (दोन हलांमध्ये ताणलेल्या जाळीला) टेकेल इतका खाली आणला. खालच्या फटीतून दाबाची जी गळती व्हायची ती थांबली, आणि क्षेत्रफळ वरून खाली आल्यामुळे जोराचा बिंदूही खाली उतरला. एवढंच की टॅक करताना (बोटीचं पुढचं टोक वाऱ्यातून फिरवून बाजू बदलताना) माणसाला शिडाखालून सरपटायला जागा उरली नाही. तुमच्या होबीला बूम (शिडाच्या तळाची आडवी दांडी) आहे, त्यामुळे ही युक्ती तशीच्या तशी उचलता येणार नाही. पण विचार कुठल्या दिशेने चाललाय ते बघा: खाली.

आता तुमच्या बोटीकडे येऊ. होबी १६ च्या डोलकाठीला आडवे स्प्रेडर (तारा बाहेर धरणारे दांडे) नाहीत, त्यांच्यावरून जाणाऱ्या डायमंड तारा नाहीत. ८ मीटरहून थोडी लांब अशी सरळ नळी, दोन श्राउड आणि एक फोरस्टे (पुढून धरणारी तार). डोलकाठी किती वाकवायची हे तारांनी ठरवायची सोयच नाही. चौकोनी डोक्याच्या मेनसेलचा सगळा खेळ मात्र त्याच वाकण्यावर असतो: झोत आला की डोलकाठीचा शेंडा मागे वाकावा, वरचा कोपरा उघडावा आणि जास्तीचा वारा निसटून जावा. तुमच्या नळीवर तो कोपरा हवा तेव्हा उघडेलच असं नाही. शिवून देणारे देतात, आणि चैनीच्या फेरफटक्याला ते शीड छान दिसतंही. पण वाढलेल्या क्षेत्रफळामुळे टेक्सेल किंवा एससीएचआरएससारख्या मोजमापावर चालणाऱ्या पद्धतीत तुमचं रेटिंग कडक होईल, आणि फक्त होबींच्या शर्यतीत तर तुम्हाला उभंच करणार नाहीत. हा वर्ग वन-डिझाइन (सगळ्या बोटी एकसारख्या) आहे आणि नियमाला पक्का आहे. ग्वांगझौ (२०१०) आणि इंचॉन (२०१४) इथल्या आशियाई खेळांत हीच बोट होती. उद्या तुमच्यापैकी कोणाला पुढे जावंसं वाटलं तर मूळ शिडंच कामी येतील.

मग करायचं काय? आधी डोलकाठी उतरवा आणि तारा तपासा. श्राउडच्या दोन्ही टोकांना जिथे तार धातूच्या नळीत दाबून बसवलेली असते, तिथे कापसाचा बोळा फिरवा. एखादा पीळ तुटला असेल तर कापसाचे तंतू तिथे अडकतात; डोळ्याला दिसत नाही ते कापूस दाखवतो. एक पीळ जरी तुटलेला सापडला तरी ती तार बाद. दुसऱ्या बाजूचीही सोबतच बदला. आपल्या खाऱ्या, दमट हवेत सेकंडहँड बोटीच्या तारा किती जुन्या आहेत हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. डोलकाठीच्या बुडाशी प्लॅस्टिकची चकती असते, तिच्यावर डोलकाठी फिरते. ती झिजली असेल तर डोलकाठी अर्धवट फिरते, आणि शिडाच्या वाऱ्याखालच्या बाजूला डोलकाठीपासून शिडापर्यंत जी सलग गोलाई हवी तिथे पायरी तयार होते. त्या पायरीमागे हवा घुसळते. बोट किनाऱ्यावर उभी करून, डोलकाठीच्या पायथ्याशी बसून वर बघा, लगेच कळेल.

मग रेक, म्हणजे डोलकाठीचा मागे झुकाव. होबी १६ ची डोलकाठी मागे झुकलेली असते आणि शर्यतवाले ती आणखी मागे घेतात. श्राउड ज्या पट्टीला जोडलेले असतात तिच्या भोकांत एकेक भोक खाली या आणि फोरस्टे तेवढाच सैल करा. (बोट चालताना फोरस्टे ढिला दिसला तर घाबरू नका, तेव्हा सगळा ताण जिबच्या, म्हणजे पुढच्या छोट्या शिडाच्या, तारेवर असतो, आणि तो जिब वर चढवायच्या दोरीने, हॅलयार्डनेच, कमी-जास्त करायचा असतो.) मोजायची सोपी रीत अशी: ट्रॅपीझची तार पुढे ब्रायडल (फोरस्टेला दोन्ही हलांशी जोडणारी तार) जिथे हलला जोडलेला आहे तिथपर्यंत ताणा, तिथे चिमटीत खूण पकडा, आणि तीच तार तशीच ताणून मागे सुकाणूच्या बाजूला न्या. खूण ट्रान्समवर (हलच्या मागच्या सपाट टोकावर) कुठे पडते ते पेन्सिलने आखा. दुसऱ्या कोणाचा आकडा मागू नका, प्रत्येकाची तार वेगळ्या लांबीची. आपली खूण आपल्यापाशी.

रेक वाढवल्याने नाळ (बोटीचं पुढचं टोक) पाण्यात घुसायची खोड कमी होते. या बोटीच्या नाळेत मुळातच पोट कमी, झोतात ती खुपसली की बोट कोलांटी घेते. पण मर्यादा आहे. मेनशीट (मेनसेल आवळायची दोरी) पूर्ण ओढल्यावर तिचा वरचा ब्लॉक (कप्पी) खालच्या ब्लॉकला भिडला की पुढे ओढायला दोरच उरत नाही. जुन्या उंच ब्लॉकांच्या जागी बुटके ब्लॉक बसवतात ते त्यासाठीच. दुसरं म्हणजे शिडाचा जोर मागे सरकतो आणि सुकाणू जड होतं. दांडा दोन्ही हातांनी धरावा लागत असेल तर सुकाणूची पाती थोडी पुढे, बोटीच्या पोटाखाली घ्या. दोन बोटांत हलकी ओढ जाणवावी, बस.

डाउनहॉल ही माझ्या मते तुमच्या बोटीवरची सर्वांत दुर्लक्षित दोरी. बहुतेक जुन्या होबींवर बूम खाली ओढायला एक साधी दोरी असते आणि ती एकदा बांधली की दिवसभर तशीच. तिथे दोन-तीन छोटे ब्लॉक घालून ट्रॅपीझवर जायच्या आधी एका हाताने ओढता येईल अशी सोय करा (तुमच्या शर्यतीचे नियम आधी वाचून). ताणल्यावर शिडाचं पोट पुढे सरकतं आणि सपाट होतं, वरची मागची कड उघडते. किती ताणायचं? डोलकाठीलगत आडव्या सुरकुत्या दिसल्या तर कमी आहे. उलट डोलकाठीला समांतर उभी घडी पडली तर जास्त झालं, जरा सोडा. वारा पडला की लगेच सैल करायचं, हे लोक विसरतात. वरचे दोन बॅटन (शिडात घातलेल्या आडव्या पट्ट्या) फार करकचून बांधलेले असतील तर तेही सैल करा, नाहीतर कड उघडायचं नाव घेणार नाही.

एवढं झाल्यावर ४-५ शर्यती करा. शिडावर लोकरीचे धागे लावा आणि वारा शिडावरून कसा वाहतो ते बघा. आणि हो, भरती-ओहोटीचं वेळापत्रक खिशात ठेवा. मोठ्या उधाणाला मुंबईत पाणी ४ मीटरहून जास्त चढतं-उतरतं. त्या प्रवाहाची चुकीची बाजू धरलीत तर कुठलंही शीड वाचवणार नाही.

डोलकाठीबद्दल आणखी एक गोष्ट, ही वेगाची नाही. अमेरिकेत होबींच्या ॲल्युमिनियमच्या डोलकाठ्या विजेच्या तारांना लागून माणसं दगावली, म्हणून कंपनीने वरचा तुकडा वीज न वाहणाऱ्या फायबरचा केला. तुमची जुनी बोट पूर्ण ॲल्युमिनियमची असेल तर उभ्या डोलकाठीसकट ट्रॉली ढकलताना मान वर ठेवा. आपल्याकडे धक्क्यापाशी कुठून कुठे तार ओढलेली असेल सांगता येत नाही, आणि तुम्ही ती आणखी दोन फूट उंच करायला निघाला आहात.

राहिला स्पिनेकर. होबी १६ साठी कंपनीचा संच असतो, साडेसतरा चौरस मीटरचं शीड. तोच घ्या, दुसऱ्या बोटीचा कापून जोडू नका. त्याची हॅलयार्ड डोलकाठीच्या टोकाला न्यायचा मोह टाळा. श्राउड जिथे जोडलेले आहेत त्याच्या वर डोलकाठीला बाजूने आधार नाही. मागून आधार असतो तो फक्त ताणलेल्या मेनसेलच्या कडेचा. म्हणून स्पिनेकर वर असताना झोत आला तर मेनशीट सोडायची नाही, सुकाणूने बोट वाऱ्याखाली वळवायची. हे हाताला सवयीचं नसतं, घाबरलं की हात आधी मेनशीटकडे जातो. म्हणून सरावाचे पहिले काही दिवस ८ नॉटच्या आतले निवडा, स्पिनेकर वर चढवणं आणि खाली पिशवीत ओढणं हेच पुन्हापुन्हा करा, आणि शर्यतीत तो जोडीदाराला न सांगता खाली घेता येईल तेव्हाच वापरा.