आधी मोजणी, मग बोअर

प्रश्न : मोहोळजवळ दोन एकर मुरमाड रान घेतलंय. आधी काय करावं : कुंपण, बोअर की डाळिंब?

उत्तर : आधी मोजणी. सातबाऱ्यावर नाव लागलं की भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करा. मोजणीदाराने खुणा दाखवल्या की त्याच दिवशी दगड रोवा. नाहीतर बोअर निघतो शेजाऱ्याच्या हद्दीत!

कुंपणाचे खांब 2 फूट खोल गाडा. कोपऱ्यातल्या खांबाला दोन्ही तारांच्या दिशेने तिरके टेकू हवेतच. सगळा ताण तिथे येतो, टेकू नसला की खांब आत झुकतो आणि तारा लोंबतात.

डाळिंबाची घाई नको. 4.5 बाय 3 मीटरवर एकरी 300 झाडं बसतात, पण बोअरचं पाणी मे महिन्यात किती टिकतं ते आधी बघा. मातीतली चुनखडीही तपासून घ्या.