मॉडेलच्या टेबलावरून : गोंद लागायच्या आधी बोला

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये हवाई दलानं मिग-२१ला निरोप दिला. तेव्हापासून प्लॅस्टिकची छोटी मॉडेल्स जोडणाऱ्यांच्या या सदराकडे मिगचीच पत्रं जास्त येतात. मी नाशिकची. माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते, त्यामुळे ही पत्रं मी जरा जास्तच जीव लावून वाचते. आज पहिल्या पत्राला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : चार महिने खपून मी १/७२ मापाचं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) मिग-२१ केलं. सुट्या भागांचा डबा मिगच्या एमएफ या प्रकाराचा होता, पण मला १९७१मध्ये ढाक्यावर गेलेलं विमान करायचं होतं. म्हणून चंदेरी रंग दिला आणि भारतीय डिकल्स (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) लावली. आमच्या गावात मॉडेल करणारे पाच-सहाजण महिन्यातून एकदा जमतो. तिथे एका ज्येष्ठांनी ते हातात घेतलं, "पाठ जाड आहे, हे एफएल नव्हेच," म्हणाले आणि खाली ठेवलं. त्यानंतर दोनदा मी गेलोच नाही. रिव्हेटच (पत्रे जोडणारे खिळे) मोजत बसायचे तर छंद कशाला? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : चार महिन्यांचं काम कोणी दहा सेकंदांत खाली ठेवलं की पोटात काय होतं, ते मला ठाऊक आहे. तरी आधी त्या ज्येष्ठांची बाजू सांगते, कारण त्यांची माहिती बरोबर आहे.

१४ डिसेंबर १९७१ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर ५७ मिलिमीटरची रॉकेटं सोडणारी २८ स्क्वाड्रनची मिग विमानं एफएल या प्रकाराची होती. कॉकपिटच्या मागून शेपटीपर्यंत जो उंचवटा जातो त्याला आम्ही पाठ म्हणतो. एफएलची पाठ बारीक असते. तिची कॅनोपी (कॉकपिटवरचं काचेचं झाकण) पुढच्या काचेसकट एकसंध असते आणि बिजागरीही पुढे. एमएफची पाठ भरलेली, पुढची काच पक्की बसवलेली आणि कॅनोपी बाजूला उघडणारी. एमएफच्या पोटात तोफ असतेच. एफएलच्या अंगात तोफ नव्हती, लागेल तेव्हा पोटाखाली तोफेचा पॉड टांगत. हे फरक रंगानं झाकले जात नाहीत.

पण याला रिव्हेट मोजणं म्हणू नका. पाठ जाड की बारीक हे हातभर लांबून दिसतं. रिव्हेटचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा. मिगच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, म्हणजे १/७२मध्ये तो दहा सेंटिमीटरही भरत नाही. ४ मिलिमीटरच्या रिव्हेटचं डोकं त्याच मापात ०.०५५ मिलिमीटर होतं, आपल्या केसाहून बारीक. पत्र्यांमधली जी रेघ डब्यातल्या पंखावर कोरलेली असते ती पाव मिलिमीटर रुंद धरली, तर खऱ्या विमानात ती १८ मिलिमीटरची फट झाली. अशा फटी घेऊन विमान उडणार नाही. प्रत्येक मॉडेलमध्ये असं काही वाढवून, काही सोडून द्यावंच लागतं. काय सोडायचं ते करणारानं ठरवायचं.

नववीत असताना मी पहिलं विमान जोडलं. जुन्या साच्याचं होतं, पंखभर उठलेले रिव्हेट. वडील ड्यूटीवरून आले, हात धुतले आणि पंखावरून अंगठा फिरवला. "हे टोचतंय," म्हणाले. "आमच्याकडे असं टोचलं तर इन्स्पेक्टर पंख परत पाठवतो." मग आतून पॉलिश पेपर आणला, वाटीत पाणी घेतलं आणि माझ्याशेजारी बसून एक पंख घासून दिला. दुसरा मला घासायला लावला. तेव्हा अजून रंग लागला नव्हता. लागला असता तर त्यांनी अंगठा फिरवला असता आणि काहीच बोलले नसते, हे मी त्यांना ओळखत होते म्हणून खात्रीनं सांगते.

आमच्या टेबलाचा नियम त्यातूनच आला. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दहा वाजता आम्ही सहा ते आठजण माझ्या घरी जमतो. डायनिंग टेबलावर वर्तमानपत्रं, मधे पोह्यांचं पातेलं, खिडकीकडे कटिंग मॅट. नवं काम सुरू करणारानं सुटे भाग मास्किंग टेपनं बांधून आणायचे, गोंदाचा थेंबही न लावता. ते मॉडेल हातोहात फिरतं आणि त्या वेळी ज्याला जे दिसतं ते त्यानं बोलायचंच. गप्प बसून पुढच्या महिन्यात चूक काढली तर ती ऐकून घेतली जात नाही. एकदा रंग लागला की आकाराबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही. रंग, डिकल, फिनिश यांवर हवं तेवढं बोला.

याचा उपयोग कसा होतो ते सांगते. मागच्या वर्षी कॉलेजातला एक मुलगा १/७२चं नॅट विमान घेऊन आला. १९६५च्या युद्धात पाकिस्तानची सेबर विमानं पाडणारं आपलं नॅट करायचं म्हणत होता. डबा हवाई कसरती करणाऱ्या ब्रिटिश रेड ॲरोज पथकाच्या विमानाचा. टेपनं बांधलेलं ते विमान आमच्यातल्या डिझेल मेकॅनिकच्या हातात गेलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कॉकपिटमध्ये बघितलं आणि विचारलं, "दोन खुर्च्या कशा?" रेड ॲरोजचं नॅट प्रशिक्षणाचं, दोघांचं. आपलं लढाऊ नॅट एकट्या वैमानिकाचं, त्याचा पंखही लहान. मुलाचा चेहरा उतरला, पण गोंद लागला नव्हता. त्याच दुपारी त्यानं ठरवलं की हे रेड ॲरोजचं लाल विमानच करायचं. पांढरी रेघ आखायला दोघांनी टेप धरला. भारतीय नॅटचा डबा त्यानं नंतर मागवला.

आता तुमच्या मिगचं. ते मोडू नका आणि रंगही काढू नका. युद्धानंतर ओझरला मिग-२१ एम तयार होऊ लागलं. त्याची पाठ भरलेली आणि बाहेरून ते एमएफच्या अगदी जवळचं. एखाद्या एम विमानाचा खरा फोटो मिळवा, शेपटीजवळचा नंबर त्याच्यासारखा करा, की तुमचं मॉडेल खरं झालं. नंबराचं डिकल सेलोटेपच्या तुकड्यानं अलगद उचलून निघतं. निघालं नाही तर तेवढ्याच जागी २००० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून फिरवा आणि चंदेरी रंगाचा हलका हात द्या. चंदेरी रंग खालचा ओरखडा लपवत नाही, उठवून दाखवतो, म्हणून त्याखाली आधी चकचकीत काळा द्यायला विसरू नका.

आणि पुढच्या बैठकीला जा. पुढचं विमान टेपनं बांधून न्या आणि सगळ्यांत आधी त्या ज्येष्ठांच्याच हातात द्या. ज्याला पाठीची जाडी हातात घेताच कळते असा माणूस तुमच्या गावात आहे. कित्येकांना असा माणूस आयुष्यभर भेटत नाही.

प्रश्न : जुलैत एअरब्रशनं (रंगाचा बारीक फवारा मारायचं साधन) लॅकर रंग मारला. पाच मिनिटांत रंगावर पांढरी साय धरली. रंग खराब होता का? (वाचक, चिपळूण)

उत्तर : रंग बहुतेक चांगला असेल, हवा ओली होती. थिनर झपाट्यानं उडतो तेव्हा पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प ओल्या रंगावर धरतं. गाड्या रंगवणारे याला ब्लश म्हणतात. कोकणात जुलैत हे होणारच.

आधी मॉडेल दोन दिवस सुकू द्या. मग नुसत्या रिटार्डर (सुकणं लांबवणाऱ्या) थिनरचा धुक्यासारखा हलका फवारा लांबून द्या. वरचा थर पुन्हा किंचित सैल होतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि पुष्कळदा साय उतरते. नाही उतरली तर बारीक पेपर मारून पुन्हा रंगवा. यापुढे पावसाळ्यात रिटार्डर मिसळलेलाच थिनर वापरा, कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर लावा आणि पावसानं उघडीप दिली त्या दिवशी भर दुपारी रंगवा. दाब एक बारच्या आसपास पुरतो. रंग किती पातळ, हे आमचे मेकॅनिक असं सांगतात : गाईच्या दुधाइतका, म्हशीच्या नाही. बरणी तिरकी करा. रंग काचेवरून ओघळून मागे झिरझिरीत पडदा राहिला की झालं.

वाफेबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगते. कापडी मास्क किंवा एन-९५ थिनरची वाफ अडवत नाही, तो फक्त कण अडवतो. कार्बनचे डबे असलेला रेस्पिरेटर घ्या. खिडकी उघडी ठेवा, मग पाऊस आत आला तरी चालेल.

आणखी एक. डिकल्सचे कागद पावसाळ्यात झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. मी एका दुकानातून जुना डबा मोठ्या हौसेनं आणला होता. त्यातली डिकल्स पिवळी पडलेली आणि पाण्यात टाकताच चुरा. पिवळेपणा घालवायला कागद खिडकीच्या काचेला आतून चिकटवून आठ-दहा दिवस ऊन खाऊ द्यायचं, त्यानं फरक पडतो. आणि चुरा होईल अशी शंका आली तर पाण्यात टाकायच्या आधी अख्ख्या कागदावर क्लिअर लॅकर मारायचं. मला हे नंतर कळलं.

प्रश्न : तीन चाकांवर उभं राहणारं विमान केलं, तर ते शेपटीवर बसतं. नाक बंद झालं आहे. (वाचक, लातूर)

उत्तर : नाकात वजन घालायचं राहिलं. पुढच्या चाकाच्या खाचेतून आत बारीक भोक पाडा, सायकलच्या दुकानातून बेअरिंगचे छोटे छर्रे आणा, एकेक आत सोडा आणि फेविक्विकनं किंवा पातळ इपॉक्सीनं पक्के करा. शिशाचे छर्रे आणि फेविकॉल मात्र कधीही एकत्र करू नका. शिसं त्या गोंदाबरोबर हळूहळू रासायनिक क्रिया करून फुगतं आणि दोन-चार वर्षांनी विमानाचं नाक आतून फुटतं. पुढच्या वेळी भाग टेपनं बांधलेले असतानाच मागची चाकं बसतात त्या रेषेत विमान पेन्सिलीवर तोलून बघा. मिगला तर वजन लागतंच, आणि ते ठेवायला नाकातला पोकळ शंकू आयताच मिळतो.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. वाढदिवसाला मॉडेलचा डबा हवा म्हणते. काय घेऊ, आणि मला यातलं काही येत नाही, तर तिच्याजवळ बसून मी काय करू? (एक आई, ठाणे)

उत्तर : १/७२चं एका इंजिनाचं जुनं विमान घ्या, चाळीस-पन्नास भागांचं. स्पिटफायर चालेल. दुसऱ्या महायुद्धातलं विमान आणि आजचं जेट यांत दिसायला जेट आकर्षक वाटतं, पण पहिल्या वेळी भाग जितके कमी तितकं पूर्ण होण्याची शक्यता जास्त.

भाग ज्याला जोडलेले येतात त्या सांगाड्यातून ते कापायला सुरुवातीला नेलकटर पुरतो. भागाला अगदी लागून कापू नका. किंचित देठ ठेवा आणि नखं घासायच्या कानशीनं तो उतरवा. ब्लेडचं काम तुमच्या हातात ठेवा. जोडायच्या आधी सगळे भाग भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवून घ्या, साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. प्लॅस्टिकचा पातळ गोंद चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एक करतो, म्हणून थेंब फार लहान हवा आणि खिडकी उघडी. काचेच्या भागाला फेविक्विक लावू नका, त्याच्या वाफेनं काच पांढरी होते. तिथे साधं फेविकॉल लावा, सुकल्यावर ते पारदर्शक होतं. रंग पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक.

तुम्ही काय करायचं, हे तुम्ही विचारलंत त्याचा मला फार आनंद झाला. तुम्ही सूचनापत्रक धरा आणि भागाचा नंबर वाचून दाखवा. ती भाग शोधेल, जुळवेल आणि तुम्हाला विचारेल, "नीट बसलाय ना?" तेव्हा खरोखर हातात घेऊन उजेडात बघा. फट दिसली तर तिथेच सांगा. तिनं गोंद लावल्यावर दिसली तर पुटी आणून द्या आणि कशी भरायची ते दोघी मिळून बघा.

प्रश्न : १/३५चा सेंच्युरियन रणगाडा करतोय. फोटोंवरून चाकांचं काही नीट कळत नाही. खरा कुठे बघायला मिळेल? (वाचक, सोलापूर)

उत्तर : तुमच्यापासून फार लांब नाही. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय १९९४पासून सुरू आहे. चिलखती दलाचं प्रशिक्षण त्याच गावात चालतं, म्हणून ते तिथे झालं. १९६५च्या असल उत्तरच्या लढाईत समोरासमोर आलेले आपले सेंच्युरियन आणि पाकिस्तानचे पॅटन दोन्ही तिथे बघायला मिळतात. पॅटनची ओतीव गोलाई आणि सेंच्युरियनचा सपाट, तिरका पुढचा पत्रा यांच्यातला फरक डोळ्यांत भरतो. फोटोत तो एवढा जाणवत नाही.

आकार, वेल्डिंगचे जोड, साखळीची कडी, चाकांवरचं रबर हे सगळं तिथून घ्या. रंग मात्र तिथून घेऊ नका. उघड्यावर ठेवलेल्या रणगाड्यांना वेळोवेळी नवा रंग देतात, लढाईतला रंग तो नव्हे. आत शिरताना फोटोचे नियम विचारून घ्या. परवानगी असेल तर शेजारी कुणाला तरी उभं करून फोटो काढा. साडेपाच फुटांचा माणूस १/३५मध्ये ४८ मिलिमीटर होतो, त्यावरून घरी बसून कुठलंही माप काढता येतं. आणि चाकांचे फोटो दोन्ही अंगांनी घ्या. घरी आल्यावर नेमकं राहिलेलं अंग लागतं.