छोट्या मंडळीत सेवेला कोणीच पुढे येत नाही, पाळकाने काय करावं?

सलाम. तुम्ही लिहिलंय की मंडळीत वीसेक कुटुंबं आहेत, पाळक म्हणून येऊन वर्ष झालं, दर रविवारी सेवेसाठी पुढे या म्हणून सांगता आणि कोणीच येत नाही, मग चर्च झाडण्यापासून उपदेशापर्यंत सगळं तुमच्याच अंगावर पडतं. मी पाळक नाही, रत्नागिरीकडच्या अशाच एका लहान मंडळीत बरीच वर्षं पंच कमिटीत आहे, त्यामुळे बाकावर बसणाऱ्यांच्या बाजूने सांगतो.

आधी ते सगळ्यांना मिळून सांगणं बंद करा. सगळ्यांना सांगितलं की प्रत्येकाला वाटतं शेजारच्याला सांगतायत. घरी जा, चहा घ्या, एकाच माणसाला एकच काम विचारा आणि ते कधीपर्यंत करायचं तेही सांगा. "तरुण संघ सांभाळा" म्हटलं की माणूस दचकतो, पण "नाताळपर्यंत दर शनिवारी संध्याकाळी बाकं पुसून घ्याल का" याला बहुतेक जण हो म्हणतात.

आमच्याकडे वानरं कौलं फोडतात, दर मे महिन्यात शाकारणीचा, म्हणजे कौलं नीट लावून घेण्याचा विषय निघतो आणि एका वर्षी तर दोन मीटिंगा नुसत्या त्याच्यावरच गेल्या, पाऊस तोंडावर आलेला. तेव्हाचे पाळकसाहेब एका ट्रॉलरवरच्या माणसाकडे गेले, जो नाताळ सोडला तर चर्चला दिसायचा नाही, आणि म्हणाले, मला छपरातलं काही कळत नाही, तुम्हाला कळतं, बघायला येता का? दुसऱ्या दिवशी तो दोन खलाशी घेऊन आला, दुपारपर्यंत वरच होता, उतरल्यावर फुटकी कौलं पायरीवर ओळीने मांडून मोजून दाखवली, 39. पाळकांनी तिथल्या तिथे चर्चची दुसरी चावी त्याच्या हातात दिली. कमिटीत कोणाला विचारलं नव्हतं, मलाही तेव्हा खटकलं होतं, पण तो माणूस आज दर पावसाळ्याआधी न बोलवता येतो आणि रविवारीही येतो.

आता माझी चूक. संडेस्कूल एका कॉलेजातल्या मुलीकडे दिलं होतं, ती मुलांना खेळवत खेळवत शिकवायची, गोंगाट व्हायचा, मी तिसऱ्याच रविवारी मध्ये जाऊन वर्ग स्वतःच्या हातात घेतला. ती रागावली नाही, नुसती बाजूला झाली, आणि दोन वर्षं तिने कशाला हात लावला नाही. काम दिलं की ते तिच्या पद्धतीने होणार, आपल्यापेक्षा कच्चं झालं तरी चालेल, हे मला तेव्हा कळलं नाही आणि त्याचं वाईट अजून वाटतं.

दोन गोष्टींत मात्र भिडस्तपणा नको. अर्पण मोजायला कायम दोघं, आणि ते दोघं एका घरातले नकोत, मोजून वहीत दोघांच्या सह्या. मुलांसोबत कधीही एकटा मोठा माणूस नको. यात कोणावर संशय नाही, उलट सेवा करणाऱ्यावर उद्या बोट उठू नये म्हणून हे.

वेळही बघा हो. एप्रिल-मे मध्ये घरची माणसं आंब्याच्या बागेत, मग भाताची लावणी, तेव्हा नवीन काही सुरू करून ते फसलं तर लोकांना दोष देऊ नका. बारावी झाली की पोरं मुंबईला जातात, म्हणून पेटी वाजवणारा एकच असला तरी त्याच्या बाजूला एक लहान पोरगं आत्तापासूनच बसवा.

आणि एकट्याने सगळं ओढणं ही जास्त निष्ठा आहे असं वाटत असेल तर बायबलमधला निर्गमचा 18 वा अध्याय परत वाचा, मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसलेला आणि सासरा इथ्रो त्याला सरळ सांगतो की तू करतोस ते ठीक नाही, तूही थकशील आणि लोकही थकतील. इफिसकरांस पत्राच्या 4 थ्या अध्यायातही पाळक कशासाठी दिले तर पवित्र जनांना, म्हणजे विश्वासणाऱ्यांना, सेवेसाठी तयार करायला असंच आहे. बाप्तिस्मा, प्रभुभोजन हे तुमच्याकडे राहणारच. पण आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला जाणं, गाणी सुरू करणं, वचन वाचणं हे बाकीचे करू शकतात. आमच्याकडे एक आजी आहेत, वाचता येत नाही पण कवी ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं तोंडपाठ, त्यांना नुसतं "आज तुम्ही सुरू करा" म्हटलं तर पूर्ण चर्चचा आवाज बदलतो.

या आठवड्यात एकाच घरी जा. जो मागच्या बाकावर बसतो आणि आशीर्वाद झाला की लगेच चपला घालून निघतो, त्याच्याकडे. त्याला काय येतं ते आधी विचारा, काम नंतर.