खुब्याचा कृत्रिम सांधा पुन्हा बदलल्यावर (रिव्हिजन) १९ दिवस झाले तरी जखम पाझरतेय, पायही लांब वाटतो. किती दिवसांत ठीक होईल?

आईच्या टाक्यांच्या खालच्या टोकातून अजून पाणी येतंय आणि त्यावर पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या लिहून दिल्यात, असं तुम्ही म्हणताय. पायाचं नंतर बघू. आधी त्या गोळ्यांबद्दल.

पाझरणाऱ्या जखमेवर गोळी देऊन वाट बघत बसणं मला पटत नाही, आणि यावरून मी आजवर पुष्कळ भांडलेय. रिव्हिजनमध्ये जुन्या व्रणातूनच पुन्हा आत शिरावं लागतं, स्नायू सोडवावे लागतात, वर रक्त पातळ ठेवायचं औषध चालू असतं. त्यामुळे पहिले तीन-चार दिवस ड्रेसिंग भिजलं तर ठीक. पण पाच-सात दिवस उलटूनही जखम कोरडी होत नसेल तर ती उघडून धुवायचा विचार तेव्हाच व्हायला हवा. पाणी ज्या वाटेने बाहेर येतं, त्याच वाटेने जंतू आत जातात. धातू-प्लॅस्टिकवर ते एकदा बसले की स्वतःभोवती चिकट थर धरतात, बायोफिल्म म्हणतात तो, आणि त्यातल्या जंतूंना गोळ्या फारशा बाधत नाहीत. होतं काय, की वरची लाली उतरते, सीआरपी (रक्तात सूज दाखवणारी तपासणी) खाली येतो, घरच्यांना हायसं वाटतं. गोळ्या संपल्या की आठवड्याभरात गॉज पुन्हा ओला.

दुसरं नुकसान यापेक्षा मोठं. सांध्यातलं पाणी सुईने काढून कल्चरला लावायचं, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखायचे, तर त्याआधी शक्यतो दोन आठवडे अँटिबायोटिक पोटात गेलेलं नसावं. नाहीतर जंतू असूनही काही उगवत नाही आणि ‘कल्चर निगेटिव्ह’ असा कागद हातात पडतो. जंतूचं नाव कळलं नाही तर पुढचे सहा आठवडे औषध द्यायचं ते कोणतं? जखमेवरून कापसाच्या काडीने घेतलेला स्वॅब इथे कामाचा नाही, त्यात त्वचेवरचेच जंतू सापडतात.

सुईने काढलेल्या पाण्यात पांढऱ्या पेशी मोजतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मायक्रोलिटरला १०,००० च्या वर पेशी आणि त्यात ९० टक्क्यांहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणारा पांढऱ्या पेशींचा प्रकार) असतील तर जंतुसंसर्गाचा संशय पक्का. जुन्या सांध्याला हेच आकडे ३,००० आणि ८० टक्के धरतात, म्हणून रिपोर्ट वाचताना ऑपरेशनची तारीख समोर ठेवायची. सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतोच. तो उतरून पुन्हा चढला तर काळजीचं. ईएसआर, ही सुजेचीच दुसरी रक्ततपासणी, सध्या बघूच नका. कल्चर मात्र १४ दिवस ठेवायला सांगा, काही जंतू फार सावकाश वाढतात.

घाई एवढ्यासाठी, की साधारण तीन-चार आठवड्यांच्या आत जखम उघडली तर मेलेला भाग काढून, कृत्रिम सांध्याचा बॉल आणि लायनर (कपातलं अस्तर) बदलून, पाच-सहा ठिकाणचे तुकडे तपासायला पाठवून स्टेम (मांडीच्या हाडातला दांडा) आणि कप (कमरेच्या हाडातली वाटी) जागेवर ठेवता येण्याची शक्यता असते. वेळ गेली की बहुधा सगळंच काढावं लागतं. रिव्हिजनचा लांब स्टेम हाडात रुजला असेल तर मांडीचं हाड उभं कापून तो सोडवायचा, मध्ये अँटिबायोटिक घातलेल्या सिमेंटचा तात्पुरता तुकडा (स्पेसर), आणि नवा सांधा त्यानंतर.

आज एवढं करा: ड्रेसिंगवरच्या डागाच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा, बाजूला वेळ लिहा, फोटो काढा. चार तासांनी डाग रेघेबाहेर किती गेला ते बघा. जखम दाबून पाणी काढू नका. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनना थेट विचारा, “सुईने पाणी कधी काढणार?”

आता पाय. आखडलेले स्नायू आणि कललेली कंबर यांमुळे तो सुरुवातीला लांब वाटतो. तीन ते सहा महिने दुसऱ्या चपलेत टाच वाढवायची घाई नको. अचानक कळ येऊन पाय आखूड झाला, आत किंवा बाहेर वळला, तर सांधा निखळला असं समजा. ओढू नका, खायला-प्यायला देऊ नका, हॉस्पिटल गाठा. पाऊल वर उचलता येत नसेल तर नसेचा प्रश्न आहे, तेही लगेच कळवा. आणि मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा कापून तारेने बांधला असेल, तर साधारण सहा आठवडे पाय बाजूला उचलायचा व्यायाम नाही, फिजिओच्या छापील तक्त्यात असला तरी. सर्जनना विचारून घ्या.

दिवस किती, हे जखम कोरडी झाल्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही.

हो, एक राहिलं. थंडी वाजून ताप, बीपी खाली, बोलण्यात भ्रम, यातलं काही दिसलं तर अँटिबायोटिक थांबवून ठेवायचं नसतं. रक्ताचं कल्चर घेऊन लगेच सुरू करतात, तेव्हा सरळ कॅज्युअल्टीत न्या. आणि माझं वाचून चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका, तेही सर्जनना विचारूनच.