जुने दुखणे सोडून देण्यासाठी आणि एकटेपणातून बाहेर येण्यासाठी ख्रिस्ती विश्वासातून बळ कसे मिळेल?

तुम्ही लिहिले आहे की गावाकडच्या मंडळीतील वादात ज्या मैत्रिणीवर सर्वांत जास्त भरवसा होता तिनेच पाठ फिरवली, त्यानंतर नोकरीसाठी तुम्ही पुण्यात आलात, आणि आता रविवारी भरलेल्या उपासनेत बसूनही आपले असे कोणी वाटत नाही. रोज प्रार्थनेत ‘क्षमा केली’ असे म्हणूनही आठवण आली की तितकेच दुखते, मग ती क्षमा खोटी म्हणायची का, असे तुम्ही विचारता. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे.

मला या बाबतीत सावरले ते बायबलमधील, प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायाने. पौल रोममध्ये कैदेत आहे, मरण जवळ आल्याचे त्याला कळले आहे, त्याचा सोबती देमास त्याला सोडून गेला आहे आणि जवळ एकटा लूक उरला आहे. पहिल्या सुनावणीच्या वेळी माझ्या बाजूने कोणीही उभे राहिले नाही, सर्वांनी मला टाकले, असे तो आधी स्पष्ट लिहितो आणि मगच या गोष्टीचा दोष त्यांच्यावर लागू नये अशी प्रार्थना करतो. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. झालेला घाव नाकारून त्याने क्षमा केलेली नाही. घावाला घाव म्हणून त्याने हिशेबाची वही प्रभूच्या हाती दिली आहे. त्याच अध्यायात आलेक्सांद्र तांबटाने आपले फार वाईट केले असे सांगून, तूही त्याच्यापासून सांभाळून राहा, असे तो तीमथ्याला बजावतो. म्हणजे बदला सोडणे वेगळे आणि पुन्हा विश्वास टाकणे वेगळे. याउलट ज्या मार्कावरून त्याचे पूर्वी आपला सहकारी बर्णबा याच्याशी कडाक्याचे भांडण झाले होते, त्याच मार्काला तो आता बोलावून घेतो. काही नाती जुळतात, काही जुळत नाहीत, आणि या एकाच अध्यायात दोन्ही आहेत. त्यामुळे मैत्रिणीशी पूर्वीसारखे बोलता येत नाही म्हणून स्वतःला दोषी ठरवू नका.

एकटेपणाबद्दल तर हा अध्याय आणखी मोकळेपणाने बोलतो. प्रभू माझ्याजवळ उभा राहिला आणि त्याने मला शक्ती दिली, असे पौल लिहितो. तरीही होईल तितक्या लवकर ये, हिवाळ्यापूर्वी ये, येताना त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आण आणि पुस्तके, विशेषतः चर्मपत्रे आण, असे तो कळकळीने सांगतो. ज्याला ख्रिस्ताची साथ इतकी ठाऊक होती त्यालाही थंडी वाजत होती आणि माणूस हवे होते. आपल्याकडे एखाद्याने एकटे वाटते असे म्हटले की लगेच विश्वास कमी पडल्याचे सांगितले जाते. मला ते अन्यायाचे वाटते.

माझे दुखणे घरातले होते. वडील गेल्यानंतर घराच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी बोलणे तुटले, आणि त्यानंतर कितीतरी महिने मी रविवारच्या उपासनेतले शेवटचे गीत सुरू झाले की चपला पायात सरकवून निघून जात असे, कारण अंगणात चहा घेताना कोणी त्याच्याविषयी विचारेल याची धास्ती होती. तेव्हा वस्तीतल्या एका वृद्ध मावशींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. त्यांनी बुधवारच्या घरगुती प्रार्थनासभेत अध्याय वाचायला मला बोलावले, आणि त्यांचे जुने, पाठीला कापडी पट्टी चिकटवलेले पवित्र शास्त्र माझ्या मांडीवर ठेवले. माझे सांत्वन करण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. त्यांना वाचणारे कोणी तरी हवे होते. तिथे जाऊ लागल्यापासून रविवारी मी चहाला थांबू लागले. भावाशी आजही मोजकेच बोलणे होते, पण त्याच्यासाठी प्रार्थना करताना घशात आवंढा येत नाही.

पंडिता रमाबाईंचे चरित्रही या दृष्टीने जरूर वाचा. दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले. तेव्हा त्या २३ वर्षांच्या होत्या आणि पदरात लहान मुलगी होती. पुढे दुष्काळग्रस्त स्त्रिया आणि मुली यांना त्यांनी केडगावला आसरा दिला. १९२१ मध्ये ती एकुलती मुलगी मनोरमाही त्यांच्या आधी गेली. तरी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी आपल्या शेवटच्या दिवसांपर्यंत, १९२२ पर्यंत, चालू ठेवले. त्यांचे दुःख संपले होते असे मला मुळीच वाटत नाही.

तुम्हाला माझे सांगणे इतकेच आहे: प्रार्थनेत मैत्रिणीचे नाव घेऊन तिने नेमके काय केले ते प्रभूला सांगा, ५५ वे स्तोत्र मोठ्याने वाचा, कारण तेही विश्वासू सोबत्याने केलेल्या घातावरच आहे, आणि दुखणे पुन्हा उसळले की ती वही पुन्हा त्याच्या हाती द्या. मोठ्या उपासनेत ओळखी होणे अवघड असते, म्हणून पाळकांना तुमच्या भागातील घरगुती प्रार्थनासभा विचारून घ्या आणि तिथे सतरंजी घालण्यासारखे एखादे छोटे काम मागून घ्या. झोप किंवा भूक उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर आजच फोन करा. डॉक्टरांची किंवा समुपदेशकांची मदत घेतल्याने विश्वास उणा होत नाही. आणि गावाकडे जे कोणी अजून तुमची विचारपूस करतात त्यांच्यापैकी एकाला, पौलाने लिहिले तसे सरळ लिहा: नाताळापूर्वी एकदा पुण्याला ये.