युनियनसमोर बसायचंय, एमबीए लागेलच का?

प्रश्न: ताई, बीकॉम झालंय, चाकणला एचआरमध्ये हजेरी आणि पगाराचं बघतो. युनियनशी बोलणी करायच्या कामात जायचंय, पण सगळे म्हणतात आधी एमबीए कर. करू का?

उत्तर: अरे, एमबीएच पाहिजे असं काही नाही. परळच्या नारायण मेघाजी लोखंडे संस्थेत श्रम विज्ञानाचं शिक्षण मिळतं, ते बघ (लोखंडे म्हणजे १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढणारे). जुन्या नोट्स मात्र फेकून दे, चार लेबर कोड (केंद्राच्या नव्या कामगार संहिता) २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत, आता कुठल्याही कारखान्यात संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते, पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात ती सक्ती फक्त सार्वजनिक सेवांना होती.

आणि शॉप फ्लोअरवर, म्हणजे जिथे प्रत्यक्ष काम चालतं तिथे, फिर रे बाबा! माझ्या पहिल्या करारात मागणीपत्रात एकवीस कलमं होती, आम्ही तीन दिवस पगारवाढीच्या आकड्यावरच भांडत बसलो आणि गाडी अडली होती भलतीकडेच, सेकंड शिफ्टची बस रात्री फाट्यावरच सोडायची, पुढे दोन किलोमीटर अंधारात चालत. हे मला कॅन्टीनवाल्या मावशींनी सांगितलं, साहेबांनी नाही. बस गावापर्यंत नेली, मग आकडा दोन तासात ठरला.