पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन सायकलने: बावन्नाव्या वर्षी डोंगर पार होतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय ५२, राहायला पुण्यात, दर रविवारी तीस-चाळीस किलोमीटर सायकल, एकदा पंढरपूरची सायकल वारी झालेली. मुलगा पिट्सबर्गला शिकतो आणि पुढच्या मे महिन्यात त्याच्याकडे आलात की तिथून वॉशिंग्टनपर्यंत सायकलने जायचं मनात आहे. वाटेत ॲपलाचियन डोंगर आहेत, ते झेपतील का, ही धास्ती. शिवाय चांगली रेल्वेलाइन उखडून सायकलवाट का केली, असंही तुम्ही विचारलंय.

डोंगर झेपतील. मी चौदा वर्षं पिट्सबर्गला राहते आणि ही वाट दोनदा पूर्ण केली आहे. दुसऱ्या वेळी सांगलीहून आलेली माझी ताई बरोबर होती. तिचं वय तेव्हा ५४ होतं आणि गिअरची सायकल तिने इथे येऊनच पहिल्यांदा चालवली. ती आठव्या दिवशी दुपारी वॉशिंग्टनला पोचली, गुडघे ठणठणीत.

याचं श्रेय वाफेच्या इंजिनाला आहे. पोलादी रुळावर पोलादी चाक फार चढ घेऊ शकत नाही, ते जागेवरच फिरायला लागतं. त्यामुळे कोळशाने भरलेली मालगाडी डोंगरापार न्यायची तर चढ लांबवर पसरवून जवळजवळ सपाट करावा लागतो: नदीच्या कडेकडेने जायचं, खोलगट जागी भराव घालायचा, टेकडी आली की कापायची किंवा बोगदा खणायचा, दरी आली की पूल टाकायचा. ही सगळी मेहनत शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी करून ठेवली आहे आणि आज ती आपल्या मांड्यांच्या कामी येते. आकडेच बघा. पिट्सबर्ग समुद्रसपाटीपासून साधारण २२० मीटरवर, सगळ्यात उंच जागा ७२९ मीटरवर, आणि या दोन्हींच्या मधे तब्बल दोनशे किलोमीटर अंतर. म्हणजे हजार मीटर पुढे गेलात की सरासरी अडीच मीटर वर. बोरघाटात आपल्या रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे. इथे या बाजूने तो बहुतेक ठिकाणी शंभराला एकसुद्धा नाही. कात्रजचा घाट तुम्ही सायकलने चढला असाल तर या चढाला चढ म्हणणारच नाही. मागे वळून पाहिल्यावर कळतं की आपण वर आलोय.

आता वाट कशी आहे ते सांगते. खरं तर दोन वाटा कंबरलंड या गावात एकमेकींना जोडल्या आहेत. पहिलीचं नाव ग्रेट अ‍ॅलेगनी पॅसेज, इथले लोक नुसतं गॅप म्हणतात. पिट्सबर्ग ते कंबरलंड २४१ किलोमीटर, जवळजवळ सगळी जुन्या रेल्वेमार्गावरून. दुसरी चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या काठाने कंबरलंड ते वॉशिंग्टन, २९७ किलोमीटर. दोन्हींवर मोटारींना बंदी. एकूण ५३८ किलोमीटर आणि रस्ता ओलांडायचे मोजके प्रसंग सोडले तर मागून हॉर्न येत नाही. पुण्यात सायकल चालवणाऱ्या माणसाला या एका गोष्टीचं मोल मी वेगळं सांगायला नको.

रूळ का उखडले, याचं उत्तर वाटेतल्या ओहायोपाइल गावी रात्री मुक्काम केलात की आपोआप मिळेल. झोपायला पडलात की नदीपलीकडून मालगाडीचा आवाज येतो. या नदीचं नाव स्पेलिंगवरून वाचता येणार नाही असं आहे, उच्चार मात्र सोपा: योकगेनी. तिच्या एका काठाने बाल्टिमोर अँड ओहायो कंपनीची लाइन आधीपासून होती. दुसऱ्या काठाने वेस्टर्न मेरिलँड रेल्वेने १९१२ मध्ये आपली वेगळी लाइन टाकली. दोन स्पर्धक कंपन्या, एकच दरी, एकच कोळसा. पुढे ट्रक आले, महामार्ग आले, मालवाहतूक घटली आणि दोन्ही कंपन्या एकाच मालकीच्या छत्राखाली गेल्या. एका मालकाला एकाच दरीत दोन लाइन कशाला हव्यात? १९७५ मध्ये वेस्टर्न मेरिलँडची लाइन बंद पडली. पलीकडची आजही जोरात चालू आहे.

लाइन बंद झाली की खरी घाई सुरू होते, कारण जमिनीची लांबच लांब पट्टी एकदा तुकड्यातुकड्याने विकली गेली की पुन्हा कधीच जुळत नाही. अमेरिकेत १९१६ च्या सुमारास चार लाख किलोमीटरहून जास्त रेल्वेमार्ग होते, त्यातले कितीतरी नंतर बंद झाले. म्हणून १९८३ मध्ये तिथल्या संसदेने कायद्यात दुरुस्ती केली: बंद मार्ग मोडू न देता सायकल-पायवाट म्हणून अखंड राखायचा आणि उद्या रेल्वेला गरज पडली तर परत द्यायचा. जमीन आपल्याला परत मिळावी म्हणून काही शेजारी मालक सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, पण १९९० मध्ये कोर्टाने हा कायदा वैध ठरवला. मिझुरी राज्यातली केटी ट्रेल ही सायकलवाट, साधारण ३८५ किलोमीटरची, याच कायद्यामुळे उभी राहिली. आपल्याकडे असं फारसं दिसत नाही याचं कारण मला तरी साधं वाटतं. बार्शी लाइटसारख्या आपल्या अरुंद लाइन बंद न होता रुंद झाल्या, त्यांच्यावरून आजही गाड्या धावतात. हे चांगलंच झालं.

गॅपचा ओहायोपाइलजवळचा पहिला तुकडा १९८६ मध्ये खुला झाला आणि पिट्सबर्गपर्यंतचं शेवटचं काम २०१३ मध्ये संपलं. मधली सत्तावीस वर्षं गावोगावच्या लोकांनी एकेक पूल, एकेक बोगदा यासाठी पैसे उभे केले, झाडं तोडली, खडी पसरली. मी आले तेव्हा शेवटचे तुकडे जोडले जात होते. त्यामुळे या वाटेबद्दल मला घरच्यासारखी माया आहे, ती या उत्तरात दिसली तर समजून घ्या.

सुरुवात पिट्सबर्गच्या टोकावरून करा, जिथे दोन नद्या मिळून ओहायो नदी होते. पहिले तीसेक किलोमीटर बरेचसे डांबरी आणि शहरी आहेत, पण तेही मन लावून पाहा. ज्या पुलावरून तुम्ही नदी ओलांडता त्याच्यावरून एके काळी वितळलेलं लोखंड भरून गाड्या जायच्या. पुढे होमस्टेड लागतं, १८९२ चा पोलाद कामगारांचा संप झाला ते. गिरण्यांच्या जागी आता दुकानं आहेत, चिमण्या तेवढ्या उभ्या आहेत. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला तिथे थांबावंसं वाटतंच. मॅककीस्पोर्ट मागे पडलं की नदी आणि झाडी सुरू होते. खाली चुनखडीची बारीक कच दाबून बसवलेली आहे. पावसानंतरही तिच्यावर चिखल फारसा होत नाही, पाणी झिरपून जातं.

आमचे मुक्काम असे होते: वेस्ट न्यूटन (५८ किमी), ओहायोपाइल (६७ किमी), मायर्सडेल (साधारण ६५ किमी), कंबरलंड (५१ किमी). ओहायोपाइलला शक्य असेल तर एक दिवस जास्त काढा. गावातच धबधबा आहे. फ्रँक लॉइड राइट यांचं धबधब्यावर बांधलेलं प्रसिद्ध घर तिथून जवळच, पण त्या रस्त्याला रेल्वेचा चढ नाही, खरा डोंगरी चढ आहे. सायकल ठेवून गाडीने जा.

मायर्सडेलच्या थोडं अलीकडे सॉल्सबरी व्हायाडक्ट हा पूल लागतो, ५८२ मीटर लांब आणि सुमारे ३० मीटर उंच. खाली नदी, शेतं, महामार्ग आणि ती चालू असलेली दुसरी लाइन. ताई या पुलावर अर्धा तास बसून राहिली. मी काही बोलले नाही. इतकी उघडी दरी आणि इतका वारा तिला याआधी सायकलवरून कधी मिळाला नव्हता.

मायर्सडेलनंतर तेरा-चौदा किलोमीटरवर तो माथा येतो, ७२९ मीटरचा. तिथल्या पावसाचं पाणी एका बाजूने मेक्सिकोच्या आखाताकडे आणि दुसऱ्या बाजूने अटलांटिककडे जातं. मग एक किलोमीटर लांबीचा बिग सॅव्हेज बोगदा. आत दिवे आहेत, तरी स्वेटर हाताशी ठेवा, मे महिन्यातही आत हुडहुडी भरते. हिवाळ्यात गळणारं पाणी गोठून बोगद्याचं नुकसान होऊ नये म्हणून त्याची दारं बंद ठेवतात आणि साधारण एप्रिलमध्ये उघडतात. बोगद्यातून बाहेर पडलात की एकदम समोर मेरिलँडच्या डोंगरांच्या निळ्या रांगा. थोडं पुढे मेसन-डिक्सन रेषा, १७६३ ते १७६७ मध्ये मोजलेली पेन्सिल्व्हेनिया-मेरिलँडची हद्द. आणि त्यानंतर कंबरलंडपर्यंत नुसता उतार. माथ्यापासून ३८ किलोमीटरमध्ये ५४५ मीटर खाली. पॅडल न मारता किती वेळ जातो ते कळत नाही, पण समोरून चढणारी माणसं दिसतात तेव्हा कळतं की पिट्सबर्गकडून निघण्याचा निर्णय योग्य होता. म्हणून आग्रहाने सांगते: दिशा पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन हीच ठेवा.

कंबरलंडनंतर मात्र वेगळी तयारी लागते. ही रेल्वेची वाट नाही. कालव्यातल्या नावा ओढणारी खेचरं जिथून चालायची ती ही मातीची वाट. ४ जुलै १८२८ ला या कालव्याची पहिली कुदळ पडली आणि त्याच दिवशी बाल्टिमोरला बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या कामालाही सुरुवात झाली. रेल्वे १८४२ मध्ये कंबरलंडला पोचली, कालवा १८५० मध्ये. तरीही तो १९२४ च्या पुरापर्यंत चालला. पुढे त्याच्यावरून मोटारींचा रस्ता करायचं घाटत होतं, तेव्हा सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी १९५४ मध्ये लोकांना बरोबर घेऊन या वाटेने कंबरलंडहून पायी प्रवास केला. शेवटी १९७१ मध्ये कालव्याचं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. वाटेत ७४ लॉक दिसतात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद, पाणी भरून किंवा सोडून नाव वर-खाली करायचा. प्रत्येक लॉकपाशी एक छोटा उतार मिळतो.

आम्ही कंबरलंडहून निघालो त्याच्या आदल्या रात्री मुसळधार पाऊस झाला होता. लाल चिखल मडगार्ड आणि टायरमध्ये इतका भरला की चाकं फिरेनात. काडीने उकरत उकरत पॉ पॉ गावापर्यंतचे ४५ किलोमीटर गाठायला पूर्ण दिवस गेला. धक्क्यांनी माझ्या कॅरिअरचा एक बोल्ट गळून पडला आणि हॅनकॉकच्या सायकल दुकानापर्यंत मी ते नायलॉनच्या दोरीने बांधून आणलं. तेव्हा रोज सकाळी निघताना एकेक बोल्ट हाताने तपासा आणि दोन-चार जास्तीचे जवळ ठेवा. टायर निदान ३८ मिलिमीटर रुंद हवेत. पाऊस फारच झाला असेल तर हॅनकॉकच्या दोन्ही अंगांना कालव्याला समांतर सुमारे ४५ किलोमीटरची डांबरी वाट आहे, तीही वेस्टर्न मेरिलँड रेल्वेच्याच जुन्या मार्गावर. मधला एक बोगदा वटवाघळांसाठी राखलेला आहे, तेवढ्यापुरतं कालव्याकाठी यावं लागतं.

पॉ पॉ बोगदा न चुकता पाहा. ९५० मीटर लांब, १८३६ ला सुरू होऊन १८५० ला पुरा झालेला, आतून सुमारे साठ लाख विटा. दिवे नाहीत, वाट अरुंद, एका हाताला कठडा आणि पलीकडे पाणी. सायकलवरून उतरून, टॉर्च लावून चालत जा.

राहायला कालव्याकाठी दर आठ-दहा किलोमीटरवर तंबूच्या मोकळ्या जागा आहेत, फुकट, एका जागी एक रात्र. हातपंप असतो, पण पंपाचं हँडल कधी काढलेलं असतं, म्हणून तीन लिटर पाणी जवळ हवंच. तंबू नको असेल तर हॅनकॉक, शेफर्ड्सटाउन, हार्पर्स फेरी इथे राहायची सोय होते. शाकाहारी असाल तर छोट्या गावांत पिझ्झा, पॅनकेक आणि बटाटा यांच्यावर भागवावं लागेल. आम्ही दाण्याचे लाडू, मेतकूट आणि खिचडीचं सामान नेलं होतं आणि त्याचा रोज उपयोग झाला.

दोन गोष्टींना जपा. गवतात बसलात तर संध्याकाळी अंगावर गोचीड शोधा, गुडघ्यामागे आणि कमरेशी खास करून, कारण त्यातून लाइम नावाचा आजार होतो. आणि तीन-तीन पानांच्या झुडपाला किंवा वेलीला हात लावू नका, आठवडाभर खाज सुटते. डोंगरात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, तेव्हा मुलाला मुक्काम आधीच कळवून ठेवा. एकटे आलात तरी हरकत नाही, दिवसभरात दहा-वीस माणसं भेटतात आणि ती थांबून विचारपूस करतात. परतीसाठी वॉशिंग्टनहून पिट्सबर्गला अ‍ॅमट्रॅक या प्रवासी रेल्वे कंपनीची रोज एक गाडी आहे. सायकलसाठी वेगळं आरक्षण लागतं आणि जागा थोड्याच असतात, तिकीट निघाल्याशिवाय तारखा पक्क्या करू नका.

शेवटचे तेवीस किलोमीटर, ग्रेट फॉल्सनंतर, वाटेवर पळणाऱ्यांची आणि लहान मुलांची गर्दी असते, घंटी हवी. जॉर्जटाउनमध्ये शिरल्यावर बहुतेक लोक तिथेच संपलं समजून फोटो काढतात. शून्य मैलाचा दगड तिथे नाही. रॉक क्रीक जिथे पोटोमॅकला मिळते तिथे थॉम्पसन बोटघर आहे, त्याच्या मागच्या अंगाला जा. कालवा नदीला मिळतो त्या टोकाच्या लॉकपाशी, पाण्याच्या अगदी कडेला तो उभा आहे.